नावावर कर्नाटकी

बंगळूरच्या बनशंकरीत कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी देवीच्या देवळात राहुकाळी बायका लिंबू अर्धं कापतात, रस पिळून साल उलटी करतात आणि त्या वाटीत तेल-वात घालून दिवा लावतात. बंगळूरचा हा भाग या देवीच्या नावाने ओळखला जात असला तरी देवीचं मूळ ठाणं बदामीजवळ चोळचगुड्डला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता, शाकंभरी. तिथली जत्रा पौष पौर्णिमेची. त्या जत्रेत पाळणे आणि मिठाईइतक्याच हक्काने नाटक कंपन्यांचे तंबू आजही पडतात. देवीपुढे रथ आणि तंबूत नाटक, हा त्या मुलखाचा रिवाज. त्याच मुलखात, बदामीच्या उत्तरेला बिळगी आहे. मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात जिच्या वाट्याला कौतुकापेक्षा बोलच जास्त आला, ती गोहरबाई कर्नाटकी या बिळगीची. बालगंधर्वांचा उतरता काळ तिच्यामुळे आला, हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की ते कुणी तपासतही नाही. मला ते टिकत नाही असं वाटतं. गोहरबाईंमुळे बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी बुडाली नाही. बुडत्या कंपनीत त्या आल्या आणि बुडाल्याचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडला गेला.

आधी त्यांना चिकटवलेल्या ‘परकी’ या शब्दाचं पाहू, कारण बाकीचे आरोप त्याच्याच आडून येतात. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे बेळगावकडचे. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श काढली ती १९०८ साली, हुबळीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत खेळ केला त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ होता. धारवाड-हुबळी-विजापूर हा मराठी कंपन्यांचा हक्काचा दौरा. तिकडची कन्नड रंगभूमी मराठी पदांच्या चालींवर वाढली आणि तिकडचे गळे मराठीत आले. त्या पट्ट्यातली गाणारी मुलगी मराठी नाटकात येणं म्हणजे पाहुणीने घरात शिरणं नव्हतं. बरं, मुसलमान म्हणून परकी म्हणावं, तर गंधर्व मंडळीच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, आणि त्यांचं नाव रसिक अभिमानाने घेत. पडद्यापुढच्या खड्ड्यात जे चाललं, ते चार फूट वर रंगमंचावर चाललं नाही. खड्ड्यात पुरुष बसले होते, वर बाई उभी राहिली होती.

आता पैशाचं. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. मखमली पडदे, अस्सल भरजरी शालू, अत्तरं, पंक्ती. कंपनीचा थाट उत्पन्नाच्या पुढे धावायचा आणि कर्जाचा डोंगर १९२०च्या दशकातच उभा राहिला होता. त्यात १९३१ ला ‘आलम आरा’ हा बोलपट आला, १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’. नाटकाचं तिकीट काढणारा माणूस कमी पैशात पडद्यावर गाणं ऐकू लागला. दीनानाथांची बलवंत मंडळी पाहता पाहता सिनेमाकडे वळली आणि मोडली. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये भावंडांना घेऊन स्वतःची नाटक शाखा काढली. गाणं अव्वल, शिस्त चोख, तरी ती फार वर्षं तगली नाही. या कंपन्यांत कुठे गोहरबाई होती? खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. ज्याच्या स्त्रीवेशाने महाराष्ट्राला वेड लावलं, त्याने पुरुषवेशात संत व्हावं, हीच अडचणीची मोठी खूण. गोहरबाई कंपनीत नायिका म्हणून उभ्या राहिल्या त्या यानंतर. तोवर बालगंधर्व पन्नाशीला टेकले होते. भामिनी किंवा सिंधूसारखी नायिका पन्नाशीत किती काळ तरुण राहणार? बाई आणावीच लागणार होती आणि नायकाचं काम स्वतःकडे घ्यावं लागणार होतं.

इथे एक आक्षेप खरा आहे, तो टाळून चालणार नाही. गोहरबाईंचं गाणं बालगंधर्वांची नक्कल होतं, असं जाणकार म्हणतात. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की शब्द लाडाने उच्चारण्याची ती ढब, ओळीच्या शेवटी हळूच सुटणारी ती मुरकी ओळखू येते. मान्य. पण यातला पेच जरा बघा. मराठी नायिका कशी चालते, पदर कसा सावरते, कशी लाजते, हे पंचवीस वर्षं एका पुरुषाने ठरवलं होतं, आणि घरंदाज बायका ते पाहून साडी नेसायला शिकल्या होत्या. प्रेक्षकाला बाई नको होती, बालगंधर्वांची बाई हवी होती. खऱ्या बाईने त्या जागी उभं राहायचं तर पुरुषाने रचलेली बाई गिरवण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. वेगळी गायली असती तर ‘गंधर्व गायकी बिघडवली’, तशीच गायली म्हणून ‘नक्कल’. कलावंत म्हणून त्यांची उंची हिराबाईंची नव्हती हे मी कबूल करतो. पण उंची कमी असणं हा कंपनी मोडल्याचा पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप, त्यांनी बालगंधर्वांना जुन्या माणसांपासून तोडलं. हे सांगणाऱ्या आठवणी बहुतेक त्या जुन्या माणसांच्याच आहेत, आणि ज्यांची कंपनीतली जागा गेली त्यांची साक्ष एकतर्फी धरावी लागते. घरात कटकटी झाल्या असतील, होतातच. पण पैशासाठी आलेली बाई पैसा संपल्यावर थांबत नाही. बालगंधर्वांशी त्यांचं लग्न झालं १९५१ मध्ये, म्हणजे वैभव कधीच ओसरल्यावर. पुढे बालगंधर्वांचे पाय अर्धांगाने गेले, तरी बिऱ्हाड मोडलं नाही. मला वाटतं, खरा सल नावाचा होता. हिराबाईही मुसलमान उस्तादांच्याच कन्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. पण बडोदेकर आडनावाने त्या समाजाला चालल्या, आणि चालल्या हे चांगलंच झालं. गोहरबाईंनी मात्र गावाकडचं कर्नाटकी हेच नाव ठेवलं आणि वरचं गोहर झाकलं नाही.

त्यांची बहीण अमीरबाई मुंबईच्या सिनेमात गेली. १९४३ च्या ‘किस्मत’ने तिचा आवाज देशभर पोचला आणि विजापुरात अमीर टॉकीज उभी राहिली. तिला कुणी कुठली कंपनी बुडवल्याचा बोल लावला नाही. सिनेमात बाईची जागा पुरुषाने आधी अडवून ठेवलेली नव्हती. १९६४ साली बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या.