मोटारीचे दार

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. ताकद किती, वेग किती, तेल किती खाते, यातच त्यांची पाने भरतात. मी मात्र दारापासून आरंभ करणार आहे. गाडी किती पळेल हे इंजिन सांगते. तीत कोण बसेल हे दार आणि बैठक ठरवतात. आपल्याकडे स्वतःच्या बुद्धीने छोटी मोटार घडवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे मर्म मला या ‘कोण बसेल’ मध्येच दिसते.

त्यातला पहिला मान इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या या गावात शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ साली छोट्या मोटारीचे काम हाती घेतले आणि १९४९ साली पहिला नमुना उभा केला. गाडीचे नाव ‘मीरा’. दोघांपुरती, आटोपशीर गाडी. त्या काळी देशात ज्या मोटारी जोडल्या जात, त्यांचे आराखडे परदेशी असत आणि किमती धनिकांच्या. अशा वेळी एका आडगावच्या माणसाने मध्यमवर्गासाठी मोटार करायला घ्यावी, हे धाडसच म्हणायचे.

घरी मोटार करणाऱ्याची खरी परीक्षा कुठे लागते, हे समजायला दिवाळीतला मिठाईचा रिकामा खोका पुरेसा आहे. झाकण लावलेला खोका पिळून पाहा. तो दाद देत नाही. आता त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाली दारे कापा आणि पुन्हा पिळा. खोका लुळा पडतो! मोटारीचेही तसेच. दार म्हणजे सांगाड्याला पाडलेले भगदाड. ते पाडले की गेलेले बळ उंबऱ्याच्या पट्टीत, खांबांत आणि छपरात भरून काढावे लागते. ते साधले की नाही, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. गाडीचे एकच चाक दगडावर चढवून दार उघडून पाहावे. सांगाडा कच्चा असेल तर दार चौकटीत आवळते, किंवा उघडले तर पुन्हा लागत नाही.

बरे, दार लहान ठेवावे तर माणूस आत शिरेना. मोठे ठेवावे तर त्याचे वजन बिजागऱ्यांवर लोंबकळते आणि काही महिन्यांत दार खाली बसते. त्यावर उपाय म्हणजे दोन बिजागऱ्यांमध्ये होईल तितके अंतर ठेवणे. शिवाय रुंद दार उघडायला बाहेर जागाही तितकीच लागते, आणि आपल्या पेठांतल्या बोळांत ती कुठली असायला!

बिजागरी कोणत्या बाजूला लावावी हाही वादाचाच विषय. जुन्या मंडळींना ‘डुक्कर फियाट’ आठवत असेल. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत, म्हणजे दार मागच्या बाजूला उघडे. लुगडे सावरत बसणाऱ्या बाईला ही सोय उत्तम. पाठमोरे होऊन अलगद टेकायचे. पण धावत्या गाडीत कडी निसटली तर वारा दाराला धरून ते सताड उघडतो! म्हणून पुढे बिजागऱ्या दाराच्या पुढच्या कडेला गेल्या. एका बिजागरीची जागा बदलली, पण तिच्यामागे सोय आणि जीव यांचा केवढा हिशेब होता.

बैठकीचे गणित त्याहून नाजूक. बैठक फार खाली असेल तर म्हातारे माणूस तीत बुडते आणि उठताना गुडघे बोलू लागतात. फार वर असेल तर टांग टाकून चढावे लागते. उभ्या माणसाच्या कमरेपेक्षा किंचित खाली बैठक असली, की माणूस आडवे सरकून आत येतो. दोनच दारे ठेवली तर पुढची बैठक दुमडून मागे शिरावे लागते, आणि आपल्या घरात मागे बसणार कोण? आजी, सून आणि मांडीवरचे मूल!

मीराचे पुढे काय झाले? शंकररावांनी सुधारत सुधारत आणखी नमुने केले. हा खटाटोप १९७५ पर्यंत चालला. पण तो परवान्यांचा काळ होता. मोटार करता येणे वेगळे आणि ती करून विकण्याची मुभा मिळणे वेगळे. मीराचे कारखान्यातले उत्पादन कधीच सुरू झाले नाही.

इचलकरंजीत अर्धा राहिलेला हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला तो आमच्या पिंपरी-चिंचवडात. टाटांच्या कारखान्याने येथे आधी मालमोटारी केल्या, १९९८ साली ‘इंडिका’ दाखवली आणि मग ‘नॅनो’चा ध्यास घेतला. स्कूटरवर नवरा-बायको आणि मुले पावसात चाललेली पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. त्या विचारात आरंभी दारांऐवजी प्लॅस्टिकचे पडदे लावण्याचाही पर्याय होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. पडदे लावले असते तर खर्च वाचला असता; पण पाऊस आणि धक्का यांपासून वाचवणारे ते घर झाले नसते.

अखेर गिरीश वाघ यांच्या चमूने चार खरी दारे दिली. गाडी सुमारे ३.१ मीटर लांब, पण उंची १.६५ मीटरच्या आसपास. इंजिन मागे नेल्याने पुढची जागा माणसांना मिळाली आणि उंचीमुळे बैठकही वर आली. काटकसर झाली ती दुसरीकडे. आरंभीच्या नॅनोला मागे उघडणारे दारच नव्हते. सामान बैठक दुमडून ठेवावे लागे. ते दार २०१५ च्या सुधारित गाडीत आले. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत जगापुढे आलेली ही गाडी दहा-अकरा वर्षांत बाजारातून गेली. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद मिरवायला कुणाला हवे होते?

मीरा रस्त्यावर आली नाही, नॅनो टिकली नाही. म्हणून ते श्रम वाया गेले असे मला वाटत नाही. स्कूटरवर भिजणाऱ्या माणसालाही दार असावे, हा विचार दोघींनी मांडला. तेव्हा वाचकहो, पाडव्याला नवी गाडी पाहायला गेलात, तर विक्रेता इंजिनाचे गुणगान गात असताना घरातल्या सर्वांत वडील माणसाला हळूच मागच्या दारापाशी घेऊन जा. त्यांना कुणाचा हात न धरता बसता आणि उतरता आले, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.