प्लेगनंतरचं जग आणि कोतवाल बुकातला एक रकाना



आपल्या भूगाव-हिंजवडी पट्ट्यातल्या काही कॉलेजच्या पोरांना सध्या फासे टाकून खेळायच्या एका खेळाचं वेड आहे. एक जण काल्पनिक राज्य रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि गोष्ट पुढे सरकते. यंदा त्यांनी रचलेलं राज्य एका भयंकर साथीतून सावरतंय. मला विचारलं, "दादा, साथ गेल्यावर जग कसं दिसतं?" त्यांच्या नकाशात ओस पडलेली शहरं होती, भुतं होती, पडके किल्ले होते. पण खरं जग कसं दिसलं ते बघायला आपला पुणे जिल्हा पुरेसा आहे. तेच इथे लिहितोय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा, पण सरकारला जवळजवळ काहीही करायची मुभा देणारा. मार्च २०२० मध्ये आपल्याला घरात बसवलं तेव्हा महाराष्ट्र सरकारने पहिल्यांदा हाच कायदा काढला. म्हणजे साथ गेली तरी तिच्यासाठी केलेला कायदा सव्वाशे वर्षं शाबूत राहिला.

आता पोरांनी ध्यानात घ्यायच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, साथ एका दिवशी संपत नाही. १८९७ च्या उन्हाळ्यात पुण्यातला प्लेग ओसरला आणि नंतर परत आला. पुढची कित्येक वर्षं तो येत-जात राहिला. घरात उंदीर पडायला लागले की लोक गावठाण सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. साथ उतरली की परत घरात. देशभरात त्या पंचवीसेक वर्षांत प्लेगने सुमारे एक कोटी माणसं नेली असं मानतात. मध्येच १८९९-१९०० चा दुष्काळ झाला. १९१८ ला इन्फ्लुएंझा आला आणि त्याने काही महिन्यांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक तेवढं एकच. "आता आपण साथीनंतरच्या जगात राहतोय" असं त्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं. ती फक्त पुढचा पेरा करत होती.

दुसरी गोष्ट, माणूस कमी झाला की त्याची किंमत वाढते. मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळाले. गिरण्यांना हात मिळेनात. मग एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचे पैसे रोज द्यायला तयार झाले, एकमेकांचे कामगार पळवायला लागले. मात्र साथ सैल झाली तशी ही किंमतही उतरली.

तिसरी गोष्ट, रोगापेक्षा अविश्वास जास्त दिवस टिकतो. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरं तपासली. माजघरात, देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान जाळलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे तिघे भाऊ फासावर गेले. त्याच काळात हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण दारात सोल्जर पाहिलेल्या माणसाने सरकारी सुईवर विश्वास का ठेवावा? कोविडच्या लसीच्या वेळी आपल्या वाड्या-वस्त्यांवर जी कुजबुज ऐकली, ती नवी नव्हती.

याच्या उलट उदाहरणही त्याच वर्षातलं आहे. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या. त्यांच्या मुलाने, डॉ. यशवंतने, हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या तिथे गेल्या. पोर वाचलं, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चला, सोल्जरांची घरझडती सुरू झाली. रोग एकच, पण एक माणूस रोग्याला पाठीवर घेतो आणि दुसरा त्याच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. कोणाचं लोक ऐकतील, हे सांगायला नको.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नवं जग उभं राहतं, पण ते कोणासाठी? प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रुंद रस्ते झाले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. पण ज्या गरिबांच्या चाळी पाडल्या, त्या सगळ्यांना काही नवी घरं मिळाली नाहीत.

आणि आपली मुळशी? दुष्काळ, प्लेग, इन्फ्लुएंझा यातून जी पिढी उरली, तिच्याच भातखाचरात टाटांच्या धरणाच्या खुणा रोवल्या गेल्या. वीज हवी होती मुंबईला, गिरण्यांना. बुडणार होतं आपलं खोरं, पन्नासच्या आसपास गावं. १६ एप्रिल १९२१ ला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तो तीन वर्षं लढवला. धरण झालंच. धरण प्लेगमुळे झालं असं माझं म्हणणं नाही. पण साथीतून जेमतेम वाचलेल्या माणसाला सावरायला किती वेळ मिळाला, हे तारखा शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पुण्याच्या प्लेगवर ग्रंथ आहेत, सिनेमा आहे, पुतळे आहेत. आपल्या खोऱ्यातल्या वाड्यांवर काय झालं, हे विचारलं तर आपण गप्प. कारण आपली नोंद ग्रंथात नाही, दप्तरात आहे. २०२३ मध्ये शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदी शोधायला अख्खा तालुका गाव नमुना १४ मागत होता, आठवतंय? त्यालाच जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा सोन्याचा भाव आला होता. आपण जातीच्या रकान्यावर बोट ठेवलं, हवं ते मिळालं की पान उलटलं. पण ते मुळात जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे. त्यात मरणाऱ्याचं नाव आहे, वय आहे आणि मरणाचं कारणही आहे. आपल्या खापरपणजीची बहीण कोणत्या साली, कोणत्या तापाने गेली, हे कदाचित आपल्याच मोबाईलमधल्या फोटोत पडून असेल.

म्हणून विनंती एवढीच. ज्यांच्याकडे त्या पानांचे फोटो आहेत, त्यांनी ते पुसू नका. सन १८९६ ते १९२० मधलं पान असेल तर कारणाचा रकाना पुन्हा वाचा, मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्या. घरात नव्वदीची आजी असेल तर विचारा, गाव रानात राहायला गेलं होतं का, कोणत्या माळावर? गाव, साल आणि कारण एवढंच मला कळवा. नावं कळवायची गरज नाही. एक-एक ओळ जमवत मुळशीचा तक्ता करू.

आणि जाता जाता, २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गावातून कोण कोण गेलं, याची यादी कोणत्या गावाने केली आहे का? आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. शंभर वर्षांनी कोणाला मोडीवाला शोधायला लावू नका.

#मुळशी #कोतवालबुक