चवदार तळ्याचा निकाल, मोबाइलवर
महाडचं चवदार तळं म्हटलं की २० मार्च १९२७ आठवतो. पण त्याचा दावा कोर्टात जवळजवळ दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा निकाल आज नेटवर फुकट मिळतो. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड (१९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच!) एकच गोष्ट तपासतात: अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची प्रथा अनादि काळापासूनची, याला पुरावा काय? वादींना तो देता आला नाही. दहावीला ‘पुरावा’ शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. फक्त तो इंग्रजीत आहे. पोलादपूरच्या मराठी शाळेतल्या मुलीने तो कसा वाचायचा? म्हणून ऑफिसनंतर रोज एक परिच्छेद मराठीत आणतोय. ‘कस्टम’ला रूढी म्हणावं की वहिवाट, इथे सध्या अडलोय.