सोशल अँग्झायटी: टाळल्याने भीती का वाढते आणि उपचार नेमकं काय करतात?

मीटिंग सुरू होते आणि कुणीतरी म्हणतं, "चला, एकेकाने आपली ओळख करून द्या." तुमचा नंबर पाचवा असतो. आधीच्या चौघांनी काय सांगितलं ते तुम्हाला ऐकूच येत नाही, कारण डोक्यात स्वतःचंच वाक्य घोळत असतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, आवाज फुटेल की नाही याची शंका येते.

असं कधी ना कधी बहुतेकांचं होतं. पण काही जणांच्या बाबतीत ही दोन मिनिटांची धाकधूक राहत नाही. ते मीटिंगला जायचंच टाळतात. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाहीत. लग्नात जेवणाच्या वेळी काहीतरी कारण काढून निघून जातात. फोन वाजून बंद होऊ देतात आणि मग मेसेज करतात. या त्रासाला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तरीही ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यात नोंदवलं होतं की हा त्रास असलेल्यांपैकी जेमतेम निम्मे लोक कधी मदत घेतात. जे घेतात, तेही साधारण १५ ते २० वर्षं त्रास काढल्यावर.

इतका उशीर का होतो आणि उपचारात नेमकं काय करतात, ते पाहू.

लाजाळूपणा आणि आजार यात फरक काय?

भिडस्त किंवा अबोल असणं हा स्वभाव आहे. एखाद्याला चार माणसांत कमी बोलायला आवडतं, एकटं राहायला आवडतं, त्यात बिघडलेलं काही नाही. सोशल अँग्झायटी असलेल्या माणसाला मात्र अनेकदा लोकांत मिसळायची मनापासून इच्छा असते, पण भीती आडवी येते. म्हणून अशा व्यक्तीला 'माणूसघाणी' किंवा 'शिष्ट' म्हणणं चुकीचं ठरतं.

या भीतीच्या मुळाशी एक ठरावीक विचार असतो: लोक मला पारखतील, माझं काहीतरी चुकेल आणि माझं हसं होईल. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९८० मध्ये मानसिक आजारांच्या आपल्या अधिकृत यादीत 'सोशल फोबिया' या नावाने या आजाराचा समावेश केला. आजच्या निकषांनुसार ही भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली असावी लागते, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने ती खूप मोठी असते आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा नात्यांवर परिणाम झालेला असतो.

बहुतेकांमध्ये हा त्रास किशोरवयात सुरू होतो. उशीर होण्याचं एक कारण इथेच आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झालेली गोष्ट 'माझा स्वभावच असा आहे' असं म्हणून माणूस पुढे नेतो. घरचेही 'मोठा झाला की सुटेल' म्हणतात. शिवाय मदत घ्यायची तर अनोळखी डॉक्टरसमोर बसून स्वतःबद्दल बोलायचं, आणि त्याचीच तर भीती असते.

भीती इतकी वर्षं टिकते कशी?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. कुत्र्याची भीती वाटणारा माणूस कुत्र्यांपासून लांब राहू शकतो. माणसांपासून पूर्ण लांब राहणं कुणालाच जमत नाही. रोज लोकांत जाऊनही भीती कमी का होत नाही?

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये याचं एक स्पष्टीकरण मांडलं. आजच्या उपचारांचा मोठा भाग त्यावर उभा आहे. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, लक्ष आत वळतं. लोकांत गेल्यावर अशी व्यक्ती समोरच्यांपेक्षा स्वतःकडेच जास्त पाहते. चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की 'मी लालबुंद दिसतेय' असं ती धरून चालते. आत जे वाटतं तेच बाहेर दिसतं, असा तिचा समज असतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर खरं काय आहे, हे पाहायचं राहूनच जातं.

दुसरी, बचावाच्या युक्त्या. हात थरथरू नये म्हणून कप घट्ट धरणं, बोलायचं वाक्य मनात दहादा घोळवणं, नजर खाली ठेवणं, कार्यक्रमात सतत मोबाईल पाहत बसणं. या युक्त्यांनी त्या क्षणी सुरक्षित वाटतं, पण बऱ्याचदा त्या उलट्या पडतात. कप घट्ट धरला की हात जास्त थरथरतो. मोबाईलमध्ये मान घातलेल्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही आणि त्याला वाटतं, 'बघा, मी कुणालाच आवडत नाही.' शिवाय कार्यक्रम नीट पार पडला तरी श्रेय युक्तीला जातं. 'मी वाक्य पाठ केलं होतं म्हणून वाचलो.' त्यामुळे युक्तीशिवायही काही बिघडलं नसतं, हे कळायची संधीच मिळत नाही.

तिसरी, नंतरची उजळणी. घरी आल्यावर रात्री अंथरुणात सगळा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येतो. त्यातही आठवतात ती फक्त अडखळलेली वाक्यं. पुढच्या वेळी माणूस तीच आठवण घेऊन बाहेर पडतो.

टाळणं हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. 'येत नाही' असं कळवलं की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून धडा घेतो की आपण धोक्यातून वाचलो. म्हणजे पुढच्या वेळी भीती थोडी मोठी आणि 'नाही' म्हणणं थोडं सोपं. सुटका वाटणारी गोष्टच भीतीला खतपाणी घालत राहते.

लोक खरंच आपल्याकडे इतकं बघतात का?

थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रकाशित झाले. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांनी भरलेल्या खोलीत पाठवलं गेलं. तरुणांना तो घालायला लाज वाटावी, असाच टी-शर्ट मुद्दाम निवडला होता. नंतर विचारलं, 'किती जणांच्या लक्षात आलं असेल?' टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जवळपास एक चतुर्थांश लोकांनीच ते चित्र ओळखलं.

हे विद्यार्थी आजारी नव्हते. म्हणजे सगळीकडे आपल्याकडेच लक्ष आहे, असं वाटणं हा सर्वसाधारण मानवी समज आहे. सोशल अँग्झायटीत तो खूप ताणला जातो.

उपचारात काय करतात?

सर्वाधिक पुरावा असलेला उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, म्हणजेच सीबीटी. यात तज्ज्ञ 'घाबरू नकोस' असं समजावत बसत नाहीत. भीतीचं रूपांतर ते तपासून पाहता येईल अशा अंदाजात करतात.

समजा एखाद्याला वाटतं, 'मी बोलताना मध्येच थांबलो तर सगळे हसतील.' मग प्रयोग ठरतो. दुकानात किंवा मित्रांत बोलताना मुद्दाम चार सेकंद थांबायचं आणि समोरच्यांकडे नीट पाहायचं. किती जण हसले? आधी लिहून ठेवलेला अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं शेजारी-शेजारी ठेवून पाहायचं. बचावाच्या युक्त्या एकेक करून सोडायच्या आणि लक्ष आतून बाहेर वळवायचं, हाही सरावाचा भाग असतो.

व्हिडिओचाही वापर होतो. बोलतानाचं रेकॉर्डिंग दाखवण्याआधी व्यक्तीला विचारतात, 'तुम्ही कसे दिसत असाल?' मग एखाद्या अनोळखी माणसाला पाहावं तसं तो व्हिडिओ पाहायचा. आतून जाणवलेली प्रचंड थरथर पडद्यावर जेमतेम दिसते, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रकाशित केलेल्या एका चाचणीत ६० रुग्ण होते. एका गटाला या पद्धतीची थेरपी दिली. दुसऱ्या गटाला फ्लुओक्सेटिन हे औषध आणि तिसऱ्याला औषधाचा अंश नसलेली गोळी, या दोन्ही गटांना त्यासोबत लोकांत मिसळण्याचा सराव. १६ आठवड्यांनंतर थेरपीचा गट दोन्ही गटांच्या पुढे होता आणि वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता.

औषधांचाही उपयोग होतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरू आणि बंद करायची असतात. कार्यक्रमाआधी दारूचा घोट किंवा कुणीतरी दिलेली झोपेची गोळी घेणं ही मात्र आणखी एक बचावाची युक्ती आहे, आणि तिची सवय लागते.

एलिस यांचा प्रयोग आणि महाराष्ट्र

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलायची जबर भीती वाटायची. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं ठरवलं. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, हा स्वतःला घालून दिलेला नियम. त्यांच्या आठवणीनुसार अशा १३० जणी भेटल्या. ३० लगेच उठून गेल्या आणि १०० जणींशी बोलणं झालं. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. आज ही पद्धत खटकेल. पण नकार पचवता येतो आणि त्याने आभाळ कोसळत नाही, हे एलिस यांना उमगलं आणि त्यांची भीती गेली.

१९५५ च्या सुमारास एलिस यांनी आपली उपचारपद्धती मांडली. ती आज आरईबीटी म्हणून ओळखली जाते आणि सीबीटीच्या मुळांपैकी एक मानली जाते. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती 'विवेकनिष्ठ' मानसोपचार या नावाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. 'लोक काय म्हणतील' या आपल्याकडच्या जुन्या धाकाला एलिस यांचं उत्तर साधं आहे: लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा असू द्या, पण ती अट करू नका.

मदत कधी आणि कुठे घ्यावी?

भीतीमुळे परीक्षा, मुलाखत, बढती, मैत्री किंवा लग्नासारखे निर्णय टाळले जात असतील, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा. समोरासमोर जाणं अवघड वाटत असेल तर फोनपासून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन करायचीच धास्ती वाटत असेल तर काय बोलायचं ते कागदावर लिहून वाचून दाखवलं तरी चालेल. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता लगेच संपर्क करा.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. पाहुण्यांसमोर मुलाला 'हा फार लाजतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि दर वेळी त्याच्या वतीने तुम्हीच बोलू नका. दुकानात एक वस्तू मागणं, काकांना फोन करून दोन वाक्यं बोलणं, अशी छोटी कामं त्याला करू द्या. अडखळला तर वाक्य पूर्ण करायची घाई न करता थांबा.

उपचारानंतर ओळख करून द्यायची वेळ आली की छातीत धडधडणार नाही, असं नाही. फरक असा पडतो की आधीच्या चौघांनी काय सांगितलं, ते तुम्हाला ऐकू येऊ लागतं.