लोअरिंग स्प्रिंग
मोटारीची जमिनीपासूनची उंची कमी करण्यासाठी मूळ स्प्रिंगच्या जागी बसवली जाणारी आखूड व ताठ कॉइल स्प्रिंग. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर गाडी कमी कलते; मात्र धक्के जास्त जाणवतात. घरी बसवताना गाडी केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवावी. स्ट्रटचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबल्यावरच सोडावा; दाबलेली स्प्रिंग निसटल्यास जिवावर बेतते. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. खाली आणलेली गाडी गतिरोधकावर घासू शकते; भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंमी उंच असतो. पावसाळी खड्ड्यांचीही त्यात भर पडते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील, असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 मनाई करते.