हॉकवीड : नव्या जातींची निश्चिती व वर्णन

सूर्यफूल कुलातील हायरेशियम प्रजातीच्या (लिनीअस, १७५३) पिवळ्या फुलांच्या बहुवर्षायू रानवनस्पतींना इंग्रजीत हॉकवीड म्हणतात. यूरोपातील डोंगरकडे, खडकांच्या कपारी, माळ आणि रस्त्याकडेचे बांध ही त्यांची नेहमीची ठिकाणे. एकट्या ब्रिटन व आयर्लंडमध्ये चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून अजूनही भर पडत आहे.

जातींच्या या विपुलतेचे कारण त्यांच्या पुनरुत्पादनात आहे. बहुतेक हॉकवीडमध्ये फलनाशिवायच बी धरते (असंगजनन). १९०३ मध्ये ऑस्टेनफेल्ड व राउंकियर या डॅनिश शास्त्रज्ञांनी उमलण्यापूर्वीच फुलोऱ्यांचे शेंडे छाटून परागकोश व कुक्षी काढून टाकल्या, तरीही बी धरले. अशा बीपासून येणारे रोप जनुकीयदृष्ट्या मातेसारखेच असते. बहुतेक जाती त्रिगुणित (२७ गुणसूत्रे) किंवा चतुर्गुणित (३६ गुणसूत्रे) आहेत. १८ गुणसूत्रांच्या, लैंगिक पद्धतीने वाढणाऱ्या जाती मोजक्याच असून हायरेशियम अंबेलेटम ही त्यांपैकी एक. पूर्वी कधीतरी संकरातून उपजलेले एखादे रूप त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे टिकते आणि जात म्हणून उभे राहते.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांना हे असंगजनन ठाऊक असणे शक्यच नव्हते. वाटाण्यावरील प्रयोगांनंतर त्यांनी याच गटातील वनस्पतींवर, मुख्यतः आज पिलोसेला या वेगळ्या प्रजातीत धरल्या जाणाऱ्या जातींवर, कष्टाने संकर घडवले. वाटाण्याच्या नेमके उलट घडले. संकराची पहिलीच पिढी निरनिराळ्या रूपांची निघाली आणि तिची संतती मात्र तशीच राहिली. या कोड्याचा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतर (१८८४) झाला.

नवी जात ओळखताना फुलाच्या रंगाचा फारसा उपयोग होत नाही. खरी भिस्त बारकाव्यांवर असते. फुलोऱ्याखालच्या छदांवर आणि देठांवर तीन प्रकारची लव आढळते : साधे केस, ग्रंथियुक्त केस आणि भिंगाखालीच दिसणारे ताराकृती केस. त्यांचे परस्पर प्रमाण, कुक्षिवृंताचा रंग (पिवळा की काळपट), पाकळ्यांच्या टोकांवरची लव, खोडावरच्या पानांची संख्या, पानांचे दाते व ठिपके हे सर्व एकत्र पाहावे लागते. सावली, चराई किंवा पातळ माती यांमुळेही रोपाचे रूप पालटते. म्हणून बी गोळा करून रोपे बागेत एकाच परिस्थितीत वाढवतात. तिथेही लक्षणे कायम राहिली, तरच ती जातीची मानता येतात. एखाद्या वाळलेल्या नमुन्यावरून घाईने नाव देण्याने या प्रजातीत भरपूर गोंधळ माजलेला आहे. गुणसूत्रांची मोजणी आणि डीएनए-तपासणी यांची आता मोलाची मदत होते, पण जुने वनस्पतिसंग्रह धुंडाळण्याला पर्याय नाही, कारण ‘नवी’ जात शंभर वर्षांपूर्वीच दुसऱ्या नावाने नोंदलेली असू शकते.

नाव ग्राह्य ठरण्यासाठी लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि एक प्ररूप नमुना निश्चित करून तो कोणत्या संग्रहात आहे, हे सांगावे लागते. २०१२ पूर्वी लॅटिन अनिवार्य होते.

जातीची मर्यादा कुठे आखावी, यावर मतभेद आहेत. जर्मन वनस्पतिज्ञ त्सान यांनी १९२१–२३ मधील आपल्या ग्रंथात मोठ्या जाती मानून छोटी रूपे उपजातींत घातली. ब्रिटिश व स्कँडिनेव्हियन अभ्यासक प्रत्येक स्थिर रूपाला स्वतंत्र जात मानतात. संरक्षणाच्या दृष्टीने दुसरी पद्धत अधिक उपयोगी आहे. ज्याला नाव नाही, ते दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत येत नाही आणि त्याच्या कड्यावरची मेंढ्यांची चराईही कोणी थांबवत नाही. वेल्समधील हायरेशियम स्नोडोनिएन्स १९५३ नंतर नाहीशी झाल्याचे मानले जात होते. चराई कमी झाल्यावर २००२ मध्ये ती पुन्हा सापडली.

वेल्समधल्याच ब्रेकन बीकन्स डोंगरांतील हायरेशियम अ‍ॅटनबरोइआनम ही जात वनस्पतिज्ञ टिम रिच यांनी वर्णिली आणि निसर्गपट-निर्माते डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे नाव तिला दिले. क्रिबिन या एका डोंगराखेरीज ती जगात कुठेही आढळलेली नाही.