जन्मजात व्यंग आणि मातेवरील दोष : तोरणमाळ परिसराच्या संदर्भात

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ वसले आहे. आसपासच्या पाड्यांवर प्रामुख्याने भिल्ल व पावरा समाजाची वस्ती असून हा प्रदेश १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो. अशा दुर्गम भागात बाळ व्यंगासह जन्मास आले, तर माता त्याचा अर्थ काय लावते यावर पुष्कळदा बाळाचे जगणे अवलंबून असते.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी समजूत ग्रहणाची. गर्भवतीने ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आजही सांगितले जाते. आपली ख्रिस्ती घरे याला सर्वस्वी अपवाद आहेत, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. या समजुतीत दोष नेहमी आईच्या हातून घडतो, बापाच्या कधीच नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाविषयी शिष्यांनीही पाप त्याचे की आईबापांचे, असे विचारले होते. प्रभू येशूने दोन्ही नाकारले.

वस्तुतः ओठ व टाळू गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. टाळू दुभंगलेली असल्यास बाळ दूध ओढू शकत नाही, ते नाकावाटे बाहेर येते. खरा धोका या उपासमारीचा आहे. बाळाला उभे धरून, काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते, टाळूची वर्षाच्या आसपास.

याहून अवघड गोष्ट सिकलसेलची. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. बाळ जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही महिने त्याचे रक्षण करते. मग हातपाय सुजतात, बाळ कण्हू लागते आणि आईला वाटते, दृष्ट लागली. थंडीने व शरीरातील पाणी कमी झाल्याने वेदना उसळतात, हे तोरणमाळच्या हिवाळ्यात विशेष ध्यानी ठेवावे. हा आजार आईवडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. परंतु ही माहिती पावरी व भिलोरी बोलीत, आणि सासूच्या व पतीच्या समक्ष सांगितली गेली पाहिजे. एकट्या सुनेला सांगून फारसे साधत नाही.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांतही हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवितो. वाहक असणे हा विवाहास अडसर नाही. मात्र उभयतांनी रक्त आधीच तपासून घ्यावे. फॉलिक आम्लाची गोळीही गर्भधारणेपूर्वीच सुरू करावी, कारण बाळाचा मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतो ती पहिल्या चार आठवड्यांत, बहुधा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच, मिटलेली असते.